मूस, माळ आणि संग्रह : खानदेशात कोणती नाणी उरली आणि का

लक्ष्मीपूजनाच्या ताटात खानदेशातल्या बहुतेक घरांत एखादा तरी जुना रुपया असतो. कुणाकडे राणी छाप, कुणाकडे पाचव्या जॉर्जचा, तर कुणाकडे आजीने बटव्यात जपलेला आणि घरात नुसता ‘कलदार’ म्हणून ओळखला जाणारा. तो रुपया त्या घरात का उरला, याचे उत्तर सोपे आहे. तो चांदीचा आहे. पण त्याच घरात, त्याच हातांतून तांब्याचे पैसे आणि शिवराया कितीतरी पटींनी जास्त आल्या आणि गेल्या. त्यांतले एखादे नाणे तरी ताटात का दिसत नाही?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. इतिहास उरलेल्या वस्तूंवरून लिहिला जातो, आणि वस्तू उरते ती कुणाला तरी ती ठेवावीशी वाटली म्हणून. गेली पंचवीस-तीस वर्षे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नाणी जमवणाऱ्यांकडे माझे जाणे-येणे आहे. त्यांत निवृत्त मास्तर आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, सराफाच्या दुकानात बसणारे कारागीर आहेत, केळीच्या व्यापारात चार पैसे मिळवलेले बागाईतदारही आहेत. मी स्वतः मोठा संग्राहक नाही. मला नाण्यांइतकेच ती निवडणाऱ्या माणसांचे कुतूहल आहे. समोर शंभर नाणी पडली असता माणूस त्यांतले एक उचलतो आणि नव्व्याण्णव परत ढकलतो. ते एक का? या लेखात मी त्याचाच शोध घेतो आहे, कारण त्या नव्व्याण्णवांत खानदेशाचा पुष्कळसा इतिहास होता असे मला वाटते.

सराफाची मूस

आपल्याकडे नाण्यांची पहिली निवड संग्राहकाने केली नाही, ती सराफाने केली. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा इथल्या बाजारात एकच एक रुपया नव्हता. होळकरांच्या चांदवड टांकसाळीचा रुपया वेगळा, बऱ्हाणपूरचा वेगळा, शिवाय आसपासच्या संस्थानांचे वेगळे. प्रत्येकाचा कस निराळा, वजन निराळे आणि बदलून घेताना द्यावा लागणारा बट्टाही निराळा. सराफ रुपया वाजवून पाही, कसोटीवर घाशी आणि भाव सांगे. नाण्यावर कोणत्या राजाचे नाव आहे याला त्याच्या लेखी तेवढ्यापुरतेच महत्त्व होते. नावावरून कस कळतो, बस्स.

१८३५ च्या कायद्याने कंपनीने सगळीकडे एकच रुपया लागू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळाही एवढ्याच वजनाचा ठरलेला होता. म्हणून रुपया हे नाणे होते तसेच ते वजनाचे मापही झाले. ‘रुपयाभार सुंठ’ असे आपल्या आज्या सांगत, त्यामागे हेच गणित आहे. हा रुपया आला तसे जुने स्थानिक रुपये मागे पडले. जे चलनात चालत नव्हते ते सराफाकडे मोडीत गेले, आणि सराफाने ते मुशीत टाकले. त्यात त्याचा दोष नाही. त्याचा धंदाच तो. जळगावला आज सुवर्णनगरी म्हणतात. इथला सराफ बाजार शुद्धतेसाठी नावाजलेला आहे. शुद्धता हवी म्हणजे आटणी आली, आणि आटणीत अक्षरे उरत नाहीत.

चांदीचा भाव चढला की आजही हेच घडते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा काढला. तेव्हापासून लोकांनी जुना ‘बंदा’ रुपया दडवून ठेवला, तो नाणे म्हणून नव्हे, चांदी म्हणून. चांदी म्हणून ठेवलेली वस्तू भाव आला की विकली जाते. १९६८ ते १९७१ च्या दरम्यान निघालेले कमळाचे पिवळे वीस पैसे वाचकांना आठवत असतील. त्यात सोने आहे अशी अफवा ऐकत आमची पिढी वाढली. सोने नव्हतेच, पण ती नाणी मात्र मुशीत गेली.

गळ्यातला संग्रह

दुसरी निवड बायकांनी केली. पुतळीहारातली पुतळी मुळात व्हेनिसचे सोन्याचे डुकाट. समुद्रमार्गे व्यापारात आलेले, साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचे आणि जवळजवळ शुद्ध. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला अधिपती असतो. आपल्याकडे ती आकृती ‘पुतळी’ झाली, आणि पुढे सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या इथेच घडवल्या.

सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल बायकांच्या आणि तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांच्या माळा असतात. संग्राहक या माळांकडे नाराजीने पाहतो, कारण नाण्याला कडी डाकलेली असते किंवा भोक पाडलेले असते. कडीचे नाणे म्हटले की त्याचा भाव चांदीच्या भावापर्यंत खाली येतो. माझे मत वेगळे आहे. मी पाहिलेल्या एका माळेत व्हिक्टोरियाचे, सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे रुपये एकत्र होते. त्यांत कुठेही ‘दुर्मिळ’ वर्ष शोधून घातलेले नव्हते. हाताला आले तसे ओवले. म्हणूनच ती माळ प्रामाणिक आहे. त्या डोंगरात कोणत्या काळात कोणता रुपया पोहोचत होता, हे संग्राहकाच्या निवडक आल्बमपेक्षा ती माळ अधिक खरे सांगते. माळ मोडून ‘चांगले’ रुपये वेगळे काढले की ती साक्ष संपली.

संग्राहक काय उचलतो

आता संग्राहकाकडे वळू. इतक्या वर्षांत मला त्यांच्या निवडीमागे साधारण चार कारणे दिसली.

पहिले कारण यादीचे. माणसाला पुरी होणारी यादी आवडते. आजच्या नाण्यांवर वर्षाच्या खाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. हे एकदा कळले की खिशातल्या सुट्या पैशांतही शोध सुरू होतो. एका कंडक्टरने आपल्या नोकरीच्या काळात हाताखालून गेलेल्या नाण्यांतून अशा मालिका पुऱ्या केल्या. खर्च तेवढ्याच दर्शनी किमतीचा. थोडा पुढे गेलेला संग्राहक १८६२ च्या रुपयाकडे वळतो. १८६२ पासून १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर साल १८६२ हेच राहिले. मुंबईच्या टांकसाळीने त्यावर बारीक ठिपके देऊन पुढची वर्षे दाखवली. भिंग घेऊन ते ठिपके मोजण्यात माणसे रात्री घालवतात. ३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा या मंडळींनी आपापली पाकिटे भरून घेतली. त्यामुळे स्वतंत्र भारताची सुटी नाणी उत्तम जपली गेली आहेत.

दुसरे कारण चुकीचे आणि चमत्काराचे. १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती असा कोरला गेला की तो डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले सात लाखांच्या आसपास लोकांच्या हाती गेले, बाकीचे आटवले. पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट झाली. म्हणून ‘डुक्कर छाप’ला मागणी. ७८६ आकड्याच्या नोटा आणि जन्मतारखेच्या नोटा जमवणेही याच जातीचे. यात वाईट काही नाही, पण या आवडीच्या पाठोपाठ फसवणूक येते. यात्रा-बाजारांत चादर अंथरून बसलेल्यांकडे राम-पंचायतनाचे किंवा हनुमानाचे चित्र असलेला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’चा तांब्याचा तुकडा हमखास असतो. कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी ‘शुल्क’ मागणारे आता फोनवरही भेटतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये याबाबत जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती.

तिसरे कारण अभिमानाचे. महाराष्ट्रात शिवराईएवढे प्रेम दुसऱ्या कोणत्याही नाण्याला मिळत नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ पासून पुढे मराठी राज्यात ठिकठिकाणी शिवराई पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही ती खेड्यापाड्यांतून चालत राहिली. म्हणून ती आजही गरिबाला परवडते. अक्षरांच्या वळणांत, ऱ्हस्व-दीर्घांत, ठिपक्यांत इतके प्रकार आहेत की आयुष्य पुरत नाही. होन मात्र सोन्याचा आणि अतिशय विरळा. त्यामुळे खोटे होन भरपूर.

चौथे कारण कुणी सहसा बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते ते सर्वांत मोठे आहे. माणूस जे वाचता येते ते जमवतो. शिवराईवरची अक्षरे देवनागरी आहेत, त्यामुळे चौथीतल्या मुलालाही त्यातले ‘राजा’ लागते. राणी छाप रुपयावर इंग्रजी आहे, आकड्यांत साल आहे. मोगल रुपयावर फारसी असते, आणि क्षत्रपांच्या चांदीच्या बारीक नाण्यावर ब्राह्मी. एका बागाईतदाराने मला बऱ्हाणपूर टांकसाळीचे दोन रुपये दाखवले आणि म्हणाले, “सर, हे आमच्या शेतातले, पण मुके आहेत.” मुके नव्हते ते. एकावर औरंगजेबाचे नाव स्पष्ट होते आणि खाली टांकसाळीचे. पण वाचता न येणारे नाणे मुकेच वाटते, आणि मुके नाणे आधी विकले जाते.

कुणालाच नको असलेले तांबे

या चार कारणांच्या चाळणीतून काय खाली पडते ते पाहा. ज्याचे वर्ष लागत नाही, जे चमकत नाही, ज्याच्या मागे अभिमानाचे नाव नाही आणि जे वाचता येत नाही असे नाणे. म्हणजे झिजलेले, जाड, फारसी अक्षरांचे तांबे. आणि नेमके हेच खानदेशाच्या स्वतःच्या राज्याचे नाणे आहे.

१३८२ पासून १६०१ पर्यंत, दोनशे एकोणीस वर्षे, खानदेशावर फारुकी घराण्याची सत्ता होती. आधी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर ही त्यांची ठिकाणे. एवढ्या दीर्घ काळाची त्यांची म्हणून ओळखली जाणारी नाणी थोडकी आहेत, आणि ती तांब्याची. शेजारी गुजरात आणि माळव्याचे सुलतान बलवान होते, त्यांचे चलन इथे चाले. घराण्याचा शेवट मात्र सोन्यात कोरलेला आहे. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि त्या विजयाप्रीत्यर्थ असीरच्या टांकसाळीत ससाण्याचे चित्र असलेली मोहोर पाडली. ती मोहोर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि नाण्यांच्या पुस्तकांतून तिची छायाचित्रे छापली जातात. शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे नावही ‘दानदेश’ केले गेले. जिंकणाऱ्याचे सोने काचेच्या पेटीत, हरणाऱ्याचे तांबे भंगारात. तिथून कोणता इतिहास आपल्यापर्यंत येणार, हे उघड आहे.

बागलाणचेही तेच. मुल्हेर-साल्हेरच्या राजांच्या मुलखात महमुदी नावाचे चांदीचे नाणे पाडले जाई. १६१० च्या सुमारास सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघालेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याची नोंद केली आहे. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण जिंकले आणि हे राज्य संपले. त्या नाण्यांवर नाव मोगल बादशहाचे असल्यामुळे आणि घडण गुजराती असल्यामुळे अभ्यासक बराच काळ त्यांची गणना गुजरातेकडे करत. १८६९ पर्यंत बागलाण खानदेश जिल्ह्यात होते. तरीही खानदेशातल्या किती संग्राहकांनी महमुदी ‘आपली’ म्हणून मागितली असेल? मला असा एकच भेटला.

आणि तांब्याच्याही खाली कवडी आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे तो सांगतो. लेखाच्या मराठी भागात तिथल्या बाजारातल्या विक्रीवरचे कर मठाला लावून दिले आहेत. त्या बाजारात हिशोब कसा होत असेल, याची कल्पना ‘लीलावती’तल्या कोष्टकावरून येते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या. यादवांचे सोन्याचे पद्मटंक आज लिलावात जातात. ज्या कवडीवर बाजारातला गरीब जगला, तिची पेटी कुणी केली नाही. कवडीवर राजाचे नाव नसते.

सबंध साठा आणि सुटे नाणे

एखाद्या नाण्याची किंमत संग्राहक त्याच्या दुर्मिळपणावरून करतो. इतिहासाची किंमत वेगळ्या हिशोबाने होते. याचे आपल्या शेजारचे उत्तम उदाहरण जोगलटेंभीचे आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला. नाणी होती १३,२५०. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती, म्हणजे शेकडा सत्तर. नहपानाचे राज्य मोडून गौतमीपुत्र आला आणि त्याने शत्रूचेच चलन आपल्या नावाने चालवले, हे त्यातून कळले. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात त्याच्या आईने क्षहरात वंशाच्या नाशाचा उल्लेख केला आहे. त्या शब्दांना या साठ्याने धातूची साक्ष दिली.

आता कल्पना करा. हाच साठा गावच्या सराफाकडे गेला असता तर त्याची काही किलो चांदी झाली असती. हौशी लोकांत विकला गेला असता तर प्रत्येकाने नहपानाचा स्पष्ट चेहरा असलेले नाणे निवडले असते, आणि दुहेरी ठोक्याने बिघडलेली सत्तर टक्के नाणी ‘खराब’ म्हणून मुशीत गेली असती. नेमकी तीच नाणी इतिहास सांगत होती. साठा सबंध राहिला, मोजला गेला आणि कुठे सापडला ते लिहिले गेले, म्हणून हे शक्य झाले.

तापीकाठच्या एका गावात काही वर्षांपूर्वी जुन्या घराचा पाया खणताना मडक्यात तांब्याची नाणी निघाली. मला कळेपर्यंत ती भंगारात किलोवर गेली होती. मुलांनी खेळायला ठेवलेली चार उरली होती. चारही झिजलेली, एकावर फारसी अक्षरांचा अर्धा शब्द. घरधन्याने विचारले, “भाऊ, याना काय भाव?” भाव खरोखरच काही नव्हता. तीस-चाळीस रुपयांना कुणी घेतली असती. पण मडके सबंध असते तर त्या गावात कोणत्या काळात कोणत्या राज्याचा पैसा चालत होता, हे सांगता आले असते. ते आता कुणालाच कधी सांगता येणार नाही.

भीती आणि चिठ्ठी

त्या घरधन्याने कुणाला कळवले का नाही? कारण त्याला भीती वाटली, आणि ही भीती सार्वत्रिक आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. लोकांना एवढाच भाग ऐकून माहीत असतो. मूळ मालक न निघाल्यास सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा अशी तरतूद आहे, आणि सरकारने तो निधी ठेवून घेतला तर मोबदला द्यावा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. पण घरात बाळगणे गुन्हा नाही. कायद्याची अर्धी माहिती आणि पूर्ण भीती यांतून माणूस सर्वांत सुरक्षित वाटणारा रस्ता धरतो, तो म्हणजे मूस. आटलेल्या धातूला कुणी प्रश्न विचारत नाही.

संग्राहकांवर टीका करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. त्यांच्या हौशीमुळेच मुशीतून पुष्कळ वाचले. वि. का. राजवाड्यांनी घरोघरचे माळे धुंडाळून वाळवीच्या तोंडचे कागद बाहेर काढले आणि साधनांचे बावीस खंड उभे केले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे १९२७ पासून उभे आहे. त्याच्या संग्रहात कागदपत्रांबरोबर जुनी नाणीही आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे. म्हणजे दाखवायला, विचारायला जागा आहेत, आणि त्या लांब नाहीत.

माझे म्हणणे एवढेच की निवडीचा निकष थोडा बदलावा. ‘कोणत्या राजाचे’ याच्या जोडीला ‘कोणत्या गावचे’ हा प्रश्न यावा. खानदेशातल्या एका तालुक्याची, एका नदीकाठची, एका आठवडे बाजारात मिळालेली सगळी नाणी, झिजलेलीही, कडीचीही, एकत्र ठेवणारा संग्राहक मला अजून भेटायचा आहे. असा संग्रह दिसायला देखणा नसेल. त्याला लिलावात गिऱ्हाईक मिळणार नाही. पण दोनशे एकोणीस वर्षांच्या फारुकी राज्यात सामान्य माणसाच्या कनवटीला काय होते, हे सांगू शकेल तर तोच.

त्याला खर्च काही नाही. नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी घालायची. गाव, शक्य तर गट नंबर, सापडल्याची तारीख, सोबत आणखी किती नाणी होती, आणि ती कशात होती, मडक्यात, कापडात की नुसत्या मातीत. नाणे वाचता आले नाही तरी चालेल. ते वाचणारा पन्नास वर्षांनी येईल. चिठ्ठी मात्र आजच लिहावी लागेल, कारण नाणे कुठे सापडले हे नाण्यावर कुठेही कोरलेले नसते.